छोट्या कोअरपासून मेनफ्रेमपर्यंत : मायक्रोप्रोसेसर आखताना आधी काय ठरवायचं

रविवारी सकाळी तर्री-पोहे झाले की नागपूरच्या बजाजनगरातल्या आमच्या खोलीवर पाच-सहा पोरं जमतात. बहुतेक जण इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे. रिस्क-व्ही या खुल्या इन्स्ट्रक्शन-संचाचा एखादा छोटा कोअर, म्हणजे प्रोसेसरचा गाभा, प्रत्येकाने करून झालेला असतो. एफपीजीए बोर्डावर (आतलं सर्किट हवं तसं बदलता येणाऱ्या चिपच्या बोर्डावर) एलईडी लुकलुकतो, सिरियल पोर्टवर 'नमस्कार' छापून येतं. मग ठरलेला प्रश्न येतो : "सर, आता याला मोठं कसं करायचं? मेनफ्रेमसारखं?" (मेनफ्रेम म्हणजे बँकांसारख्या ठिकाणी अखंड चालणारं मोठं यंत्र.) आणि मोठं म्हणजे त्यांच्या मनात एक तर गिगाहर्ट्‌झ असतो, नाहीतर कोअरची संख्या.

मी बरीच वर्षं चिपच्या व्हेरिफिकेशनमध्ये काढली, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरलं. तिथे एक गोष्ट पक्की कळली. वेग नंतर वाढवता येतो. पाइपलाइन (इन्स्ट्रक्शन टप्प्याटप्प्याने चालवायची रांग) बदलता येते, कॅश (कोअरजवळची छोटी, वेगवान मेमरी) दुप्पट करता येते, पुढच्या पिढीत सगळा कोअरच फेकून नवा बसवता येतो. नंतर बदलता येत नाही ते पहिल्या महिन्यात कागदावर लिहिलेलं : ॲड्रेस किती बिटांचा, ट्रॅप झाल्यावर (प्रोग्राम अडून ताबा ऑपरेटिंग सिस्टिमकडे गेल्यावर) प्रोग्रामला कसली हमी, एका कोअरचं लिखाण दुसऱ्याला कोणत्या क्रमाने दिसणार, आणि हार्डवेअर चुकलं तर ते कोणाला, कसं कळणार. म्हणून खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत. वेगाबद्दल यात फारसं काही नाही.

पायरी १ : करार वेगळा, कारागिरी वेगळी

७ एप्रिल १९६४ ला आयबीएमने सिस्टिम/३६० जाहीर केली. एकाच दिवशी सहा मॉडेल. धाकट्या मॉडेल ३० च्या आत डेटापाथ (आकडे वाहून नेणारी वाट) फक्त ८ बिटांचा होता, थोरल्याचा ६४ बिटांचा, तरीही दोघांवर प्रोग्राम तेच चालत. जीन ॲमडाल, गेरिट ब्लाव आणि फ्रेड ब्रूक्स यांनी आधी प्रोग्रामला काय दिसतं ते ठरवलं. ते कसं करायचं हे त्या त्या मॉडेलच्या मंडळींवर सोडलं. आजच्या आयबीएम झेड यंत्रांवर तेव्हाचे ॲप्लिकेशन प्रोग्राम चालू शकतात ते यामुळेच.

तुम्हीही दोन फाइल उघडा. एकीत फक्त प्रोग्रामला दिसणारं : रजिस्टर, इन्स्ट्रक्शन, ट्रॅप, मेमरीचे नियम. दुसरीत तुमच्या चिपची अंतर्गत रचना. पहिल्या फाइलमधलं प्रत्येक वाक्य असं तपासा : ८ बिटांच्या डेटापाथवर हे खरं राहील का? एका वेळी आठ इन्स्ट्रक्शन सोडणाऱ्या कोअरवरही राहील का? एकीकडेही 'नाही' आलं तर ते वाक्य दुसऱ्या फाइलमधलं आहे. मिप्स आणि स्पार्क या प्रोसेसर-घराण्यांमधला ब्रँच डिले स्लॉट आठवा (ब्रँच म्हणजे प्रोग्राममधली उडी). पाच टप्प्यांच्या पाइपलाइनला सोयीचा म्हणून ब्रँचनंतरची एक इन्स्ट्रक्शन कशीही चालणारच, असा नियम करारात घुसला. पाइपलाइन बदलल्या, नियम मात्र पुढच्या प्रत्येक डिझायनरच्या गळ्यात राहिला.

रिस्क-व्ही घेतलंत तर करार बराचसा आयता मिळतो. तरी त्यात पर्याय भरपूर आहेत, आणि कोणता पर्याय घेतला हे लिहून ठेवणं तुमचंच काम.

पायरी २ : न वापरलेले ॲड्रेस बिट मोकळे सोडू नका

सिस्टिम/३६० चं रजिस्टर ३२ बिटांचं, पण ॲड्रेस २४ बिटांचा, म्हणजे १६ मेगाबाइट. वरचा एक बाइट हार्डवेअर बघतच नव्हतं. रिकामी जागा दिसली की माणूस सामान ठेवतोच. प्रोग्रामरनी त्या बाइटमध्ये खुणा ठेवल्या, खुद्द ऑपरेटिंग सिस्टिमनेही ठेवल्या. १९८० च्या दशकात ॲड्रेस वाढवायची वेळ आली तेव्हा ३२ न होता ३१ बिटच झाले, कारण सगळ्यात वरचा बिट आधीच इतर खुणांसाठी अडकला होता. ६४ बिटांसाठी २००० साल उजाडावं लागलं. मोटोरोलाच्या ६८००० प्रोसेसरमध्ये हेच झालं : आत ३२ बिट, बाहेर २४. पहिल्या मॅकिन्टॉशच्या सॉफ्टवेअरने वरच्या बाइटमध्ये खुणा ठेवल्या आणि पुढच्या प्रोसेसरवर ते निस्तरावं लागलं.

उपाय साधा आहे. वापरात नसलेले बिट तपासा आणि चुकीचे असतील तर ट्रॅप द्या. रिस्क-व्हीच्या एसव्ही३९ या ३९ बिटी ॲड्रेस-पद्धतीत बिट ६३ ते ३९ हे बिट ३८ सारखेच असावे लागतात, नाहीतर पेज फॉल्ट, म्हणजे मेमरीचं पान न सापडल्याचा ट्रॅप. एसव्ही३९ मध्ये ५१२ गिगाबाइट मिळतात, एसव्ही४८ मध्ये २५६ टेराबाइट. आज तपासणी केली असेल तर उद्या एकाकडून दुसरीकडे जाताना कोणाचा प्रोग्राम मोडत नाही.

हाच नियम आतल्या तारांनाही लावा. एका प्रकल्पात बसच्या (भागांना जोडणाऱ्या सामाईक तारांच्या) संदेशात कोअर क्रमांकाला ३ बिट दिले होते, "आठच्या वर कोण जाणार?" म्हणून. नववा कोअर बसवायला प्रत्येक मोड्यूलचा पोर्ट बदलावा लागला आणि टेस्टबेंच (चाचणीचा कोड) जवळजवळ नव्याने लिहावा लागला. रुंदी पॅरामीटर ठेवा. संदेशाच्या स्वरूपात राखीव बिट ठेवा, ते शून्यच आहेत हे तपासणारं ॲसर्शनही घाला.

पायरी ३ : ट्रॅपनंतर परत येता आलं पाहिजे

पेज फॉल्ट झाला की ऑपरेटिंग सिस्टिम पान आणते आणि अडलेली इन्स्ट्रक्शन पुन्हा चालवते. त्यासाठी हमी हवी : तिच्या आधीच्या सगळ्या इन्स्ट्रक्शन पूर्ण झालेल्या, तिचा आणि नंतरच्या कोणाचाही मागमूस नाही. १९७९ चा ६८००० इथे अडला. बस एररच्या वेळी तो पुरेशी अंतर्गत स्थिती जपून ठेवत नसे, त्यामुळे अडलेली इन्स्ट्रक्शन खात्रीने पुन्हा सुरू करता येत नसे. व्हर्च्युअल मेमरी (पानं लागतील तशी डिस्कवरून आणायची सोय) हवी असलेल्या काही वर्कस्टेशनवाल्यांनी चक्क दोन ६८००० बसवले. एक अडून उभा, दुसरा त्याच्यासाठी पान आणतोय. ६८०१० ने ही खोट काढली.

तुमच्या कोअरवर ही परीक्षा घ्या : स्पाईक या रिस्क-व्हीच्या नमुना सिम्युलेटरशी जोडून एक लांब प्रोग्राम चालवा आणि प्रत्येक लोड-स्टोअरवर यादृच्छिकपणे पेज फॉल्ट घडवा. शेवटी रजिस्टर आणि मेमरी तंतोतंत जुळली पाहिजे. दोन पानांच्या सीमेवर बसणारा लोड, मध्येच फॉल्ट होणारी ॲटॉमिक (अखंड चालायची) इन्स्ट्रक्शन आणि भागाकार चालू असताना आलेला इंटरप्ट, या तीन जागी पोरांचे नव्वद टक्के बग सापडतात असं मी गमतीने म्हणतो. आकडा माझा, अनुभव खरा.

पायरी ४ : प्रत्येक इन्स्ट्रक्शनला विचारा, तू कोणाला दिसतेस?

एका मेनफ्रेममध्ये अनेक यंत्रं असल्यासारखी चालतात. आयबीएमने व्हीएम/३७० हे १९७२ मध्येच दिलं. १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी त्यासाठीची अट मांडली. थोडक्यात : यंत्राची स्थिती वाचणारी किंवा बदलणारी इन्स्ट्रक्शन साध्या प्रोग्रामने चालवली तर ट्रॅप झालाच पाहिजे. इंटेलच्या एक्स८६ मध्ये पॉपएफ नावाची इन्स्ट्रक्शन ही अट मोडते. साध्या मोडमध्ये तिने इंटरप्टचा बिट बदलायचा प्रयत्न केला तर ती ट्रॅप देत नाही, गुपचूप दुर्लक्ष करते. म्हणून तिथे सुरुवातीच्या व्हर्च्युअलायझेशनला मशीन कोड चालता चालता बदलण्याची कसरत करावी लागली. हार्डवेअरची मदत २००५ मध्ये आली.

एक तक्ता करा. डावीकडे प्रत्येक इन्स्ट्रक्शन आणि प्रत्येक सीएसआर (यंत्राची स्थिती ठेवणारं नियंत्रण-रजिस्टर), उजवीकडे प्रत्येक मोडमध्ये काय होतं ते. 'दुर्लक्ष' असं कुठेही लिहावं लागलं तर तिथे थांबून विचार करा. रिस्क-व्हीचं हायपरव्हायजर (एका यंत्रात अनेक यंत्रं चालवणारं सॉफ्टवेअर) एक्स्टेन्शन २०२१ मध्ये मंजूर झालं. ते लगेच बांधू नका, पण ॲड्रेस भाषांतर दोन टप्प्यांत होईल एवढी जागा टीएलबीत (झालेली भाषांतरं लक्षात ठेवणाऱ्या कॅशमध्ये) आणि पेज वॉकरमध्ये (पेज टेबल चाळून भाषांतर शोधणाऱ्या सर्किटमध्ये) आत्ताच सोडा.

पायरी ५ : शेवटची बर्थ

आता दुसरा कोअर येतो आणि खरी गंमत सुरू होते.

नागपूर स्टेशनच्या खिडकीवर एकाने विदर्भ एक्स्प्रेसची उरलेली एकमेव बर्थ मागितली, त्याच क्षणी गोंदियाच्या खिडकीवरही कोणीतरी मागितली. दोन्ही कोअरनी '१ शिल्लक' वाचलं, दोघांनी '०' लिहिलं, दोघांना तिकीट. वाचणं-तपासणं-लिहिणं अखंड व्हायला हवं. सिस्टिम/३६० मध्ये त्यासाठी टेस्ट अँड सेट होती, ३७० मध्ये कंपेअर अँड स्वॅप आली. रिस्क-व्हीत लोड-रिझर्व्ह्ड आणि स्टोअर-कंडिशनलची जोडी आहे (वाचताना खूण ठेवायची, मध्ये कोणी ढवळलं नसेल तरच लिहायचं), शिवाय एका फटक्यात बेरीज किंवा अदलाबदल करणारी ॲटॉमिक ऑपरेशन आहेत.

दोन कोअरवर काहीही वापरा, चालतं. ६४ कोअर एकाच गणकावर (काउंटरवर) तुटून पडले की लोड-रिझर्व्ह्डवाल्या पद्धतीत ती कॅश लाइन (कॅशमधला एकत्र हलणारा तुकडा) या कोअरकडून त्या कोअरकडे पळत सुटते आणि बहुतेकांचे प्रयत्न वाया जातात. ॲटॉमिक बेरीज सामाईक कॅशपाशीच केली तर लाइन हलत नाही. फक्त 'एक वाढव' असा निरोप जातो. पहिल्या चिपमध्ये ते यंत्र नसलं तरी चालेल, पण तो निरोप तुमच्या बसच्या भाषेत पहिल्या दिवसापासून असू द्या.

दुसरा भाग क्रमाचा, आणि तो जास्त फसवा. कोअर एकने आधी तिकीट लिहिलं, मग 'तिकीट तयार' अशी खूण लावली. कोअर दोनला खूण आधी दिसली तर तो जुनं तिकीट वाचतो. एक्स८६ असं होऊ देत नाही. रिस्क-व्हीचा नेहमीचा नियम मध्ये फेन्स (क्रम राखणारी इन्स्ट्रक्शन) घातला नसेल तर होऊ देतो. डीईसी कंपनीचा अल्फा प्रोसेसर इतका सैल होता की पॉइंटर नवा आणि त्याने दाखवलेला डेटा जुना, असंही घडू शके. सैल नियमाने हार्डवेअर सोपं होतं, कडक नियमाने प्रोग्रामर सुखी राहतो. माझं मत विचाराल तर : शिकताना कोअर कडक बनवा, पण सॉफ्टवेअरची परीक्षा सैल नियमावर घ्या. नाहीतर तुमचा पहिला चिप जे फुकट देतो त्याची लोकांना सवय लागते आणि तीच करार होऊन बसते. लिटमस टेस्ट म्हणून चार-सहा ओळींचे छोटे प्रोग्राम मिळतात, ते लाखो वेळा फिरवा. इथे विचारापेक्षा संख्याच उपयोगी पडते.

टीएलबीचंही इथेच बघून घ्या. पेज टेबल बदललं की सगळ्या कोअरच्या टीएलबीतली जुनी नोंद पुसावी लागते. आयबीएमच्या मेनफ्रेममध्ये एकच इन्स्ट्रक्शन ते सगळीकडे पोचवते. रिस्क-व्हीची मूळ फेन्स फक्त आपल्याच कोअरपुरती असते आणि बाकीच्यांना इंटरप्ट पाठवावा लागतो. चार कोअरवर ते जाणवत नाही, शंभरावर जाणवतं.

पायरी ६ : कॅश, डायमंड क्रॉसिंग आणि सीताबर्डी

नागपूर स्टेशनाजवळचं डायमंड क्रॉसिंग माहीत असेलच. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे मार्ग एकाच पातळीवर एकमेकांना छेदतात. एक गाडी जात असली की दुसरी थांबते. सामाईक बसवरचं स्नूपिंग (एकमेकांच्या मागण्यांवर कान ठेवणं) असंच असतं : प्रत्येक मिस (स्वतःच्या कॅशमध्ये न सापडलेली मागणी) सगळ्यांना ऐकवायची, आणि एका वेळी एकानेच बोलायचं. कोअर दुप्पट झाले की मिसही दुप्पट आणि ऐकणारेही दुप्पट, म्हणजे एकूण काम चौपट. चार कोअरपर्यंत खुशाल स्नूपिंग करा. त्यापुढे डिरेक्टरी लागते, म्हणजे कोणती लाइन कोणाकडे आहे याची वही.

वहीला जागा लागते. ६४ बाइटच्या लाइनमध्ये ५१२ बिट असतात. प्रत्येक कोअरला एक बिट धरला तर ६४ कोअरला १२.५ टक्के जागा जाते. ५१२ कोअरला वही डेटाएवढीच होते. म्हणून मोठ्या यंत्रात कोअरचे गट करून गटाला एक बिट देतात. चिपच्या आत बारीक वही, चिपच्या बाहेर ढोबळ.

आता सीताबर्डी. मेट्रोची ऑरेंज आणि ॲक्वा लाइन तिथे वेगवेगळ्या पातळ्यांवरून जातात, कोणी कोणाला अडवत नाही. तुमच्या संदेशांनाही अशाच पातळ्या हव्यात : विनंत्या वेगळ्या, पुढे ढकललेल्या विनंत्या वेगळ्या, उत्तरं वेगळी. तिन्ही एकाच रांगेत घातली तर कधीतरी विनंत्यांनी रांग भरते, उत्तराला जागा उरत नाही, आणि उत्तर मिळाल्याशिवाय विनंती हलत नाही. सगळं यंत्र शांत उभं. हा बग सिम्युलेशनमध्ये क्वचितच दिसतो, म्हणून त्याच्यासाठी रांगा मुद्दाम एकेका नोंदीच्या करून चालवा. रांग तोकडी केली की कोंडी लवकर होते.

अंतराचंही भान ठेवा. ५ गिगाहर्ट्‌झला एक सायकल ०.२ नॅनोसेकंदाची, तेवढ्यात प्रकाशसुद्धा पोकळीत ६ सेंटिमीटरच जातो. दुसऱ्या चिपवरच्या कॅशला 'जवळ' समजून आखलेला प्रोटोकॉल मोठ्या यंत्रात रांगायला लागतो.

आणि ॲमडालचा १९६७ चा हिशेब पाठ करा. कामाचा ५ टक्के भाग एकामागोमाग एकच होणारा असेल तर ३२ कोअरवर वेग साधारण १२.५ पट होतो, ६४ वर १५.४ पट, आणि कितीही कोअर लावले तरी २० च्या पुढे जात नाही. मेनफ्रेमवाले एकेका कोअरचा वेग अजून का जपतात ते यावरून कळतं.

पायरी ७ : आत-बाहेर

इनपुट-आउटपुट थोडक्यात आटोपतो. मेनफ्रेममध्ये चॅनल असतात. प्रोसेसर कामाची यादी मेमरीत ठेवतो आणि चॅनल ती स्वतः पार पाडतो. तुम्ही डीएमए (डिव्हाइसने प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरी वाचणं-लिहिणं) कराल तेव्हा डिव्हाइसलाही कॅशच्या कुटुंबातला सदस्य माना, म्हणजे ड्रायव्हरला कॅश पुसत बसावं लागणार नाही, आणि त्याच्या ॲड्रेसवर आयओएमएमयूचा (डिव्हाइसचे ॲड्रेस तपासणाऱ्या सर्किटचा) पहारा ठेवा.

पायरी ८ : चूक होणारच, ती बोलली पाहिजे

आमच्या पहिल्या मे महिन्याची गोष्ट. बोर्ड रात्री बारा वाजता लिनक्स सुरू करून कंपायलर चालवायचा, सगळं उत्तम. दुपारी पारा ४५ च्या वर गेला की तोच कंपायलर मध्येच मान टाकायचा, दर वेळी नव्या ठिकाणी. पोरांनी तीन आठवडे स्वतःच्या कॅशला शिव्या घातल्या. एक दिवस एकाने कुलर बोर्डाकडे वळवला आणि चूक नाहीशी झाली. (असं तुम्ही करू नका, कुलरची ओली हवा बोर्डाला बरी नाही.) मेमरी कंट्रोलर वाचनाचं टायमिंग सुरुवातीला, गार असताना, एकदाच बसवत होता. दुपारी ते सरकायचं आणि एखादा बिट उलटा वाचला जायचा. शोधायला तीन आठवडे लागले, कारण यंत्राला आपण चुकलो हेच माहीत नव्हतं.

खऱ्या मेनफ्रेमचा निम्मा जीव या पायरीत आहे. क्रम असा ठेवा. ज्या कॅशमधल्या डेटाची प्रत खाली आहे, म्हणजे राइट-थ्रू एल१ (कोअरला सगळ्यात जवळची कॅश), तिला पॅरिटी (चूक फक्त दाखवणारा जादा बिट) पुरते. चूक दिसली की लाइन फेका आणि पुन्हा आणा. ज्या राइट-बॅक कॅशमध्ये एकुलती एक प्रत आहे, तिला ईसीसीच हवा : ६४ बिटांना ८ तपास-बिट, एक चूक दुरुस्त, दोन चुका उघड. शेजारचे दोन बिट एकाच वेळी बिघडू शकतात, म्हणून एका शब्दाचे बिट चिपवर शेजारी ठेवू नका. मेमरी मोकळी असेल तेव्हा एक छोटं यंत्र ती क्रमाने वाचून दुरुस्त करत राहू द्या, नाहीतर एकाच्या जोडीला दुसरी चूक जमा होते. दुरुस्त न होणारी चूक सापडली तर लगेच यंत्र पाडू नका. त्या डेटावर 'विषारी' अशी खूण करून पुढे पाठवा, कोणी खरोखर वापरला तरच ट्रॅप द्या.

त्याच्यावरची पायरी कोअरच्या आतली. १९९८ च्या आयबीएम जी५ चिपमध्ये इन्स्ट्रक्शन आणि गणिताचे विभाग दोन-दोन होते, आणि त्यांचे निकाल ताडून पाहिले जात. फरक पडला की ईसीसीने जपलेल्या शेवटच्या चांगल्या स्थितीवर परत जाऊन काम पुन्हा करायचं. तरीही चुकलं तर ती स्थिती उचलून राखीव कोअरवर न्यायची. चालू प्रोग्रामला पत्ताही लागत नाही. २०१० च्या झेड१९६ ने मेमरीत पाच चॅनल लावले, त्यातला एक अख्खा गेला तरी डेटा शाबूत. तुम्हाला एवढं करायचं नाहीये. पण पायरी ३ ची ट्रॅपची शिस्त नीट असेल तर 'मागे जा आणि पुन्हा कर' हे त्याच यंत्रणेवर बसतं, हे ध्यानात घ्या.

प्रत्येक दुरुस्तीला एक गणक आणि एक नोंद हवीच : कुठे, कोणता बिट, कधी. आमच्याकडे तो गणक असता तर पहिल्याच दुपारी उत्तर मिळालं असतं.

पायरी ९ : मोडून बघा

पेन्टियमच्या भागाकाराच्या तक्त्यातल्या पाच नोंदी गाळल्या गेल्या होत्या, हे १९९४ मध्ये उघड झालं. इंटेलला ती चूक ४७.५ कोटी डॉलरला पडली. व्हेरिफिकेशनसाठी वेळ नाही असं कोणी म्हणालं की मी हा आकडा सांगतो.

साधनं फुकट आहेत : सिम्युलेशनला व्हेरिलेटर, तुलनेला स्पाईक. सगळं शून्यापासून करायला बसू नका. प्रिन्स्टनच्या ओपनपिटन या खुल्या डिझाइनमध्ये डिरेक्टरीवाला कॅश तयार मिळतो, सन कंपनीने २००६ मध्ये अल्ट्रास्पार्क टी१ प्रोसेसरचा कोड खुला केला तो आजही वाचण्यासारखा आहे, आणि आयआयटी मद्रासचा शक्ती प्रोसेसर आपल्याकडचाच. वाचताना आधी ट्रॅप आणि एरर हाताळणारा भाग काढा. गणिताचा भाग सगळीकडे सारखाच असतो.

मग बोर्डावर दोन साधे, इन-ऑर्डर (इन्स्ट्रक्शन लिहिल्या क्रमानेच चालवणारे) कोअर आणि एक सामाईक ईसीसीवाली एल२ कॅश बसवा. आउट-ऑफ-ऑर्डर आणि मोठे ब्रँच प्रेडिक्टर (उडी कुठे जाईल याचा अंदाज बांधणारी सर्किट) यांना एवढ्यात हात लावू नका. लिनक्स सुरू करा, दोन्ही कोअरवर कंपायलर लावा आणि एल२ मध्ये दर सेकंदाला मुद्दाम एक बिट उलटवणारं सर्किट चालू ठेवा. किती बिट उलटवले आणि प्रत्येकाचा पत्ता काय, हे ते सर्किट वेगळं लिहून ठेवील. बिट उलटवलेली लाइन वाचली जायच्या आधीच नव्या डेटाने पूर्ण बदलली गेली तर ती नोंद वजा करा. रात्रभर चालू द्या, आणि नागपुरात असाल तर दुपारीही. सकाळी कंपायलरने बनवलेली फाइल बिट न उलटवता बनवलेल्या फाइलशी ताडून बघा, आणि दुरुस्तीच्या गणकाचा आकडा उलटवलेल्यांच्या आकड्याशी. दोन्ही जुळलं की तिसरा कोअर जोडा.